सार्वजनिक वाय-फायवर कधी साइट उघडते, कधी नाही: डीएनएसचा दोष नेमका कुठे, हे कसं शोधायचं

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा. प्रश्न थोडक्यात असा आहे. सार्वजनिक वाय-फायला जोडलं की काही साइट लगेच उघडतात, काहींना 'सर्व्हर सापडला नाही' असा संदेश येतो. दहा मिनिटांनी चित्र उलटं होतं. त्याच नेटवर्कवर फोन व्यवस्थित चालतो, लॅपटॉप अडतो. आयपी पत्त्याला पिंग (पोचतंय का ते पाहणारं चाचणी-पॅकेट) जातं, नावाला जात नाही. डीएनएस कॅश (जपून ठेवलेली जुनी उत्तरं) साफ केली की थोडा वेळ बरं वाटतं, मग पुन्हा तेच. डीएनएस सर्व्हर बदलून ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक सर्व्हर) टाकला तरी फरक नाही.

हा एकच दोष नाही. पाच-सहा निरनिराळे दोष बाहेरून अगदी सारखे दिसतात, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून कुठलीही सेटिंग बदलण्याआधी एक गोष्ट शोधून काढा: तुमच्या मशीनने विचारलेल्या नावाला उत्तर नेमकं कोणी दिलं? मशीनच्या कॅशने, ब्राउझरने, गेटवेने (नेटवर्कला बाहेर जोडणाऱ्या राउटरने), लॉगिन पेजच्या यंत्रणेने, की खरोखर बाहेरच्या रिझॉल्व्हरने (नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरने)? हे कळलं की अर्धं काम झालं. ते न कळता केलेला प्रत्येक बदल पुढचा तपास गढूळ करतो.

खालच्या आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

चाचणीआधी

'फोन चालतो, लॅपटॉप नाही' या निरीक्षणावर लगेच विसंबू नका. वाय-फायवरून इंटरनेट मिळत नाही असं वाटलं की अँड्रॉइड गुपचूप मोबाइल डेटाकडे वळू शकतो, आणि आयफोनवर 'वाय-फाय असिस्ट' चालू असेल तर तोही वळतो. म्हणजे तुम्ही तुलना करताय ती दोन वेगळ्या नेटवर्कची. फोनवर विमान मोड लावा आणि त्यानंतर फक्त वाय-फाय चालू करा. मगच फोनचं म्हणणं पुरावा म्हणून धरा.

लॅपटॉपवर व्हीपीएन पूर्ण बंद करा, डॉक किंवा केबल काढा. विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांमध्ये एकाहून जास्त जोडण्या असतील तर विंडोज त्या सगळ्यांच्या डीएनएस सर्व्हरना प्रश्न पाठवू शकतं, त्यामुळे उत्तर भलत्याच जोडणीवरून येऊ शकतं. नीट न तुटलेलं व्हीपीएन तर हमखास घोळ घालतं: बोगदा बंद झालेला असतो, पण त्याचा डीएनएस सर्व्हर आणि सर्च डोमेन (अर्धवट नावापुढे आपोआप जोडलं जाणारं डोमेन) मागे राहतात.

मग तीन गोष्टी लिहून घ्या: स्वतःचा पत्ता, गेटवेचा पत्ता आणि डीएनएस सर्व्हरची यादी. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग /ऑल', लिनक्सवर 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस', मॅकवर डीएनएससाठी 'एससीयूटिल --डीएनएस' आणि बाकीच्या दोन गोष्टींसाठी नेटवर्क सेटिंग. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीने (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सेवेने) पत्ता दिलेलाच नाही आणि डीएनएसची चर्चा तिथेच संपते. गर्दीच्या जागी हे बरेचदा घडतं. पत्ते अडीचशे, भाडेमुदत २४ तासांची आणि माणसं दिवसभर येऊन-जाऊन. दुपारपर्यंत पत्ते संपतात.

डीएनएसच्या यादीत आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा पत्ता) सोबत आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा) पत्ताही असेल तर थांबून बघा. आयपीव्ही४ चे सर्व्हर डीएचसीपीतून येतात, आयपीव्ही६ चे बहुधा राउटर ॲडव्हर्टाइझमेंटमधून, म्हणजे राउटर नेटवर्कवर स्वतः प्रसारित करतो त्या जाहिरातीतून. दोन्ही वाटा स्वतंत्र आहेत. एक सुधारली तरी दुसरी जुन्या, बंद पडलेल्या सर्व्हरकडे बोट दाखवत राहू शकते. त्याहून वाईट म्हणजे ती जाहिरात इंटरनेट शेअरिंग चालू ठेवलेल्या दुसऱ्याच कुणाच्या लॅपटॉपकडून येत असेल. मशीन आयपीव्ही६ सर्व्हरला आधी विचारतं, तो गप्प राहतो, मग आयपीव्ही४ कडे वळतं. 'उघडतं, पण दर वेळी अडखळून' ही तक्रार इथून जन्माला येते.

लॉगिन पेज हा पहिला संशयित

सार्वजनिक वाय-फायला दोन अवस्था असतात, लॉगिनच्या आधीची आणि नंतरची. आधीच्या अवस्थेत तुम्हाला लॉगिन पेजकडे वळवण्याचे दोन प्रचलित मार्ग आहेत. एकात यंत्रणा साध्या एचटीटीपी विनंतीला पकडून दुसऱ्या पत्त्यावर पाठवते. दुसऱ्यात ती डीएनएसचं उत्तरच खोटं देते: कुठलंही नाव विचारा, लॉगिन सर्व्हरचा पत्ता मिळतो. हा दुसरा मार्ग बसवायला सोपा, म्हणून अजूनही भरपूर वापरात आहे, आणि 'काही साइट उघडतात, काही नाही' याचं सर्वांत नेहमीचं कारण तोच आहे.

कसं ते पाहा. खोट्या उत्तराला टीटीएल असतो, म्हणजे ते किती सेकंद जपून ठेवायचं तो आकडा. तो शून्य असायला हवा. कुणी तो ६० किंवा ३०० ठेवला की तुमचं मशीन ते खोटं उत्तर तितका वेळ जपतं. तुम्ही लॉगिन करता, नेट सुरू होतं, पण लॉगिनआधी विचारलेली नावं अजूनही लॉगिन सर्व्हरकडेच जातात. लॉगिनआधी कोणती नावं विचारली जातात? मेल, चॅट, क्लाउड सिंक, ब्राउझरमध्ये आधीपासून उघडे असलेले टॅब. म्हणजे नेमक्या तुमच्या रोजच्या साइट अडतात, आणि आयुष्यात पहिल्यांदा उघडलेली साइट झटकन येते.

ओळखायचं असं: एकमेकींशी काही संबंध नसलेली दोन नावं विचारा. दोघांना एकच खासगी पत्ता मिळाला, म्हणजे १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारा, तर उत्तर लॉगिन यंत्रणेचं आहे. आणखी एक खात्रीची खूण विंडोजने दिली आहे. 'डीएनएस.एमएसएफटीएनसीएसआय.कॉम' या नावाचं खरं उत्तर १३१.१०७.२५५.२५५ असतं. तिथे दुसरं काही आलं तर तुमच्या आणि खऱ्या डीएनएसच्या मध्ये कुणीतरी उभं आहे.

लॉगिन पेज आपोआप येत नसेल तर एचटीटीपीएस साइट उघडून ते येणार नाही. ती विनंती वळवली की प्रमाणपत्र (साइट खरी असल्याचा पुरावा) जुळत नाही आणि ब्राउझर इशारा देतो. तो इशारा ओलांडून पुढे जाऊ नका, कधीही नाही. त्याऐवजी ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः जिथे चाचणी घेतात ते साधे एचटीटीपी पत्ते ब्राउझरमध्ये उघडा. ॲपलचा 'कॅप्टिव्ह.ॲपल.कॉम/हॉटस्पॉट-डिटेक्ट.एचटीएमएल' मोकळ्या नेटवर इंग्रजी 'सक्सेस' इतकंच दाखवतो. अँड्रॉइडचा 'कनेक्टिव्हिटीचेक.जीस्टॅटिक.कॉम/जनरेट_२०४' रिकामं उत्तर देतो, एचटीटीपी संकेतांक २०४. विंडोजचा 'एमएसएफटीकनेक्टटेस्ट.कॉम/कनेक्टटेस्ट.टीएक्सटी', पुढे तीन डब्ल्यू लावून, 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढीच ओळ देतो. याहून वेगळं काही दिसलं तर तुम्ही अजून लॉगिनच्या अलीकडे आहात.

साफसफाईचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी लॉगिन, मग कॅश साफ, मग ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू. लॉगिनआधी साफ केलेली कॅश पुढच्या दोन सेकंदांत पुन्हा खोट्या उत्तरांनी भरते. विंडोजवर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस'. मॅकवर 'सुडो डीएसकॅशयूटिल -फ्लशकॅश' आणि लगेच 'सुडो किलऑल -एचयूपी एमडीएनएसरिस्पॉन्डर'. लिनक्सवर 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस'. ब्राउझर बंद करायचा कारण त्याची स्वतःची वेगळी कॅश असते. शिवाय जुन्या चुकीच्या पत्त्यावर उघडलेल्या जोडण्याही तो धरून ठेवतो.

साफ केल्यावर ठरावीक वेळ सगळं चालतं आणि मग पुन्हा बिघडतं? मग कॅशला दोष देऊ नका, सत्राची मुदत तपासा. बऱ्याच यंत्रणा ३० किंवा ६० मिनिटांनी तुम्हाला न सांगता पुन्हा लॉगिनपूर्व अवस्थेत ढकलतात. घड्याळ लावून बघा. अंतर दर वेळी सारखंच निघालं तर उत्तर मिळालं. यंत्रणा तुम्हाला मॅक पत्त्यावरून (वाय-फाय कार्डाच्या ओळखक्रमांकावरून; मॅक संगणकाशी याचा संबंध नाही) ओळखते, आणि आताचे फोन तो पत्ता लपवतात: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून यादृच्छिक मॅक पत्ता मुळातच चालू असतो. 'नेटवर्क विसरा' करून पुन्हा जोडल्यावर तो बदलला तर यंत्रणेच्या लेखी तुम्ही नवे पाहुणे.

कोणतं साधन कुणाला विचारतं

इथे अनुभवी माणसंही गोंधळतात. विंडोजवर 'एनएसलुकअप' (नावाचा पत्ता विचारणारी आज्ञा; 'डिग' हीही तशीच) सिस्टिमची डीएनएस कॅश आणि होस्ट्स फाइल (मशीनवरच लिहिलेली नावं-पत्त्यांची यादी) बघतच नाही, थेट सर्व्हरला विचारतो. मॅकवर 'डिग' आणि 'एनएसलुकअप' यांचंही तेच. त्यामुळे 'एनएसलुकअपमध्ये बरोबर येतं पण ब्राउझर उघडत नाही' यात काहीच विसंगती नाही. सर्व्हर बरोबर बोलतोय, मशीनची कॅश चुकीची आहे. उलट चित्र असेल, म्हणजे ब्राउझर चालतो आणि एनएसलुकअप अडतो, तर ब्राउझर बहुधा एन्क्रिप्टेड डीएनएस वापरतोय.

ॲप ज्या वाटेने विचारतात त्याच वाटेने विचारायचं असेल तर विंडोजवर पॉवरशेलमधलं 'रिझॉल्व्ह-डीएनएसनेम', मॅकवर 'डीएसकॅशयूटिल -क्यू होस्ट -ए नेम' आणि पुढे नाव, लिनक्सवर 'गेटएंट एहोस्ट्स'. सिस्टिमची वाट आणि थेट सर्व्हरची वाट, दोन्हींनी तेच नाव विचारा आणि उत्तरं शेजारी ठेवा. तपासातलं हे सर्वांत फलदायी मिनिट आहे. नावाच्या शेवटी टिंब द्या, म्हणजे सर्च डोमेन चिकटून भलतंच नाव विचारलं जाणार नाही.

उत्तरातला स्थिती-संकेत वाचायची सवय लावा; 'चालत नाही' या दोन शब्दांत चार-पाच वेगळे आजार दडलेले असतात. एनएक्सडोमेन म्हणजे 'असं नावच नाही', हे ठाम उत्तर आहे. सर्व्हफेल म्हणजे रिझॉल्व्हरने प्रयत्न केला पण त्याला उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही. रिफ्यूज्ड म्हणजे सर्व्हर तुम्हाला सेवा देत नाही. दुसऱ्या नेटवर्कचा डीएनएस सर्व्हर हाताने टाकून ठेवलेला असला की हे हमखास दिसतं. संकेत नोएरर पण उत्तराचा रकाना रिकामा, याचा अर्थ नाव आहे पण त्या प्रकारची नोंद नाही. फक्त आयपीव्ही४ वर असलेल्या साइटची आयपीव्ही६ नोंद विचारली तर हे अगदी योग्य उत्तर आहे. आणि टाइमआउट म्हणजे उत्तरच आलं नाही, त्याचा विचार पुढे वेगळा करू.

सर्व्हफेल आलं तर तोच प्रश्न डिगला '+सीडी' लावून पुन्हा विचारा. याने रिझॉल्व्हरला 'सही तपासू नकोस' असं सांगितलं जातं. आता उत्तर आलं तर गाडी डीएनएसएसईसीच्या (डीएनएस उत्तरांवरच्या डिजिटल सहीच्या) पडताळणीत अडकली होती. सार्वजनिक वाय-फायवर मधल्या कुणीतरी उत्तर बदललं की असं होतं. रिझॉल्व्हर चालवणाऱ्या मशीनचं घड्याळ चुकलं असेल तरीही होतं, कारण सह्यांना मुदत असते.

आता दुसऱ्या डीएनएस सर्व्हरबद्दलचा गैरसमज. यादीतला पहिला सर्व्हर 'नाही' म्हणाला तर मशीन दुसऱ्याला विचारतं, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही. एनएक्सडोमेन हे अंतिम उत्तर आहे. दुसऱ्याची पाळी बहुधा पहिला गप्प राहिला किंवा त्याने सर्व्हफेलसारखा संकेत दिला तरच येते. शिवाय लिनक्सवर डीएनएस सांभाळणारा सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड एकदा दुसऱ्याकडे गेला की तो बिघडेपर्यंत त्यालाच धरून राहतो. 'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस'मध्ये 'करंट डीएनएस सर्व्हर' या ओळीत सध्याचा कोण ते दिसतं. म्हणून एक अंतर्गत आणि एक सार्वजनिक असे दोन सर्व्हर शेजारी ठेवणं म्हणजे विसंगतीला आमंत्रण. अंतर्गत नावं आज सापडतील, उद्या एक पॅकेट हरवलं की सापडणार नाहीत, आणि कॅश साफ करूनही काही उपयोग होणार नाही.

वीस वेळा विचारा

अधूनमधून येणारा दोष एका चाचणीत सापडत नाही. तेच नाव दोन-दोन सेकंदांच्या अंतराने वीस वेळा विचारा. डिग मुळात ५ सेकंद थांबतो आणि एकूण तीन प्रयत्न करतो, त्यामुळे हरवलेली पॅकेट तो झाकून टाकतो; '+ट्राइज=१ +टाइम=२' लावा म्हणजे प्रत्येक चूक उघडी पडेल. मग दोन गोष्टी बघा, किती प्रश्नांना उत्तर आलं नाही आणि टीटीएल कसा हलतो.

समजा टीटीएल असा आला: ३००, २९८, ११७, २९४, ११३, २९०. पहिलं, दुसरं, चौथं आणि सहावं उत्तर एका रांगेत आहे, दर दोन सेकंदांना दोनने उतरणारं. तिसरं आणि पाचवं दुसऱ्या रांगेत. म्हणजे एका पत्त्यामागे किमान दोन कॅश आहेत आणि तुमचे प्रश्न त्यांच्यात वाटले जाताहेत. त्यांपैकी एकीत जुनी किंवा खोटी नोंद अडकली असेल तर तुम्हाला आलटून-पालटून बरोबर आणि चूक उत्तरं मिळणार. तुमच्या मशीनवर काहीही साफ केलंत तरी हे बदलणार नाही. टीटीएल कधीच उतरत नसेल, वीसही वेळा ६० च ६० दिसत असेल, तर ते उत्तर कॅशमधलं नाही. दर वेळी नव्याने बनवलं जातंय, आणि सार्वजनिक वाय-फायवर ते बनवणारं बहुधा लॉगिनचं यंत्र असतं.

मात्र आयपी पत्ता वेगळा आला म्हणून दोष समजू नका. मोठ्या साइट वेगवेगळ्या ठिकाणांहून सेवा देतात आणि त्यांचे पत्ते मिनिटागणिक बदलतात. पत्त्याशी एचटीटीपीएस जोडणी होऊन प्रमाणपत्र नावाशी जुळत असेल तर पत्ता बरोबर आहे.

आता टाइमआउट. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत गेटवेला शंभर पिंग सोडा. पिंगही हरवत असतील तर रोग रेडिओचा आहे, डीएनएस फक्त पहिलं लक्षण. डीएनएसचा प्रश्न साधारणपणे यूडीपीचं (पोच न घेता डेटा पाठवायच्या पद्धतीचं) एकच पॅकेट असतं. ते हरवलं तर ॲपला पुन्हा विचारण्यासाठी सेकंदांत मोजावा इतका वेळ थांबावं लागतं. टीसीपी ही पोच घेणारी पद्धत हरवलेलं पॅकेट कितीतरी लवकर परत पाठवते, म्हणून आधीच चालू असलेला व्हिडिओ सुरळीत आणि नवी साइट मात्र अडलेली. सिग्नल उणे ७५ डीबीएमपेक्षा कमजोर असेल तर जागा बदला आणि मगच पुढचं बोला. काही गेटवे पिंगला उत्तरच देत नाहीत. शंभरपैकी शंभर हरवले तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

पिंग स्वच्छ आणि डीएनएस मात्र वीसपैकी चार वेळा गप्प, तर गेटवेवरचा फॉरवर्डर (प्रश्न पुढे पाठवणारा प्रोग्रॅम) थकलाय. लहान राउटरवर सर्रास असणाऱ्या डीएनएसमास्क या फॉरवर्डरमध्ये एका वेळी पुढे पाठवलेल्या प्रश्नांची मूळ मर्यादा १५० आहे आणि कॅशही मुळात १५० नोंदींची. घरासाठी हे पुरेसं. दोनशे फोन असलेल्या हॉलमध्ये मधली सुट्टी झाली की हीच मर्यादा क्षणात भरते आणि पाच मिनिटांनी सगळं आपसूक ठीक होतं.

८.८.८.८ टाकूनही फरक का पडत नाही

कारण प्रश्न तिथे पोचतच नाही. पोर्ट ५३ (डीएनएसचं नेहमीचं दार) वरचं यूडीपी एन्क्रिप्ट केलेलं नसतं. गेटवे ते उचलून स्वतःच्या रिझॉल्व्हरकडे वळवतो आणि उत्तरावर ८.८.८.८ चा पत्ता लावून परत देतो. तुमच्या बाजूने सगळं खरं दिसतं.

तपासायची युक्ती सुंदर आहे: जिथे डीएनएस सर्व्हर असूच शकत नाही अशा पत्त्याला विचारा. २०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते फक्त दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेले आहेत, खऱ्या इंटरनेटवर तिथे कुणी नाही. 'डिग @२०३.०.११३.७७ एक्झाम्पल.कॉम' चालवा. टाइमआउट आला तर ठीक. उत्तर आलं तर पोर्ट ५३ वरचे प्रश्न मधेच पकडले जाताहेत, यात शंका नाही. याच प्रकारचा १९२.०.२.१ हा पत्ता या चाचणीसाठी टाळा. काही वायरलेस कंट्रोलर तो लॉगिन पेजसाठी स्वतःचा आभासी पत्ता म्हणून वापरतात. जुन्या उपकरणांवर याच कामाला १.१.१.१ वापरलेला आढळतो. हा पत्ता २०१८ पासून सार्वजनिक रिझॉल्व्हर आहे, आणि अशा नेटवर्कवर तुम्ही डीएनएससाठी १.१.१.१ टाकलात तर प्रश्न जगाला न जाता भिंतीवरच्या कंट्रोलरकडे जातो.

एन्क्रिप्टेड डीएनएस हा यावरचा खरा उपाय आहे, पण लॉगिन झाल्यानंतरच. टीएलएसवरचा डीएनएस पोर्ट ८५३ वापरतो आणि बरीच सार्वजनिक नेटवर्क ते पोर्ट बंद ठेवतात. अँड्रॉइड ९ पासून 'प्रायव्हेट डीएनएस' आहे. ते 'ऑटोमॅटिक'वर असेल तर ८५३ न चालल्यास मुकाट्याने ५३ वर येतं. तिथे ठरावीक सर्व्हरचं नाव घातलं असेल तर मागे हटत नाही, आणि प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नसल्याचा संदेश येतो. अशा फोनवर सेटिंग तात्पुरती 'ऑटोमॅटिक' करा, लॉगिन करा, मग परत बघा.

एचटीटीपीएसवरचा डीएनएस पोर्ट ४४३ वरून जातो, त्यामुळे अडवणं अवघड. फायरफॉक्स आणि क्रोममध्ये तो ब्राउझरपुरता चालतो. एकाच लॅपटॉपवर ब्राउझर पळतो आणि मेल ॲप अडतं, ते बहुतेक वेळा यामुळेच. दोघं वेगवेगळ्या सर्व्हरना विचारताहेत. तपास करताना तो बंद ठेवा, नाहीतर तुम्ही एकाच वेळी दोन डीएनएसचं निदान करत बसाल.

बारीक पण खात्रीच्या खुणा

उशीर जर नेमका पाच सेकंदांचा असेल, तर लिनक्सवर एका जुन्या दुखण्याचा संशय घ्या. जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ चे दोन्ही प्रश्न एकाच सॉकेटवरून लागोपाठ सोडते. काही नॅट (अनेक उपकरणांना एकाच पत्त्यामागे ठेवणारी सोय) आणि फायरवॉल दुसऱ्या प्रश्नाचं पॅकेट किंवा उत्तर गिळतात, आणि जीलिबसीची मूळ प्रतीक्षा ५ सेकंदांची आहे. रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइलमध्ये 'ऑप्शन्स सिंगल-रिक्वेस्ट-रीओपन' ही ओळ घातल्यावर उशीर गेला तर निदान पक्कं. मध्ये १२७.०.०.५३ वरचा सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड बसलेला असेल तर हा उपाय लागू पडत नाही.

लहान उत्तरं येतात, मोठी येत नाहीत, हीही एक ठळक जात आहे. मूळ डीएनएसमध्ये यूडीपी उत्तराची मर्यादा ५१२ बाइट होती. आता मोठी उत्तरं चालतात, पण तुकडे झालेली यूडीपी पॅकेट काही राउटर फेकून देतात. म्हणून २०२० पासून १२३२ बाइट हा आकडा सुरक्षित मानला जातो. त्याहून मोठं उत्तर टीसीपीवरून घ्यायचं असतं, आणि काही नेटवर्कवर टीसीपीचं ५३ बंद असतं. 'डिग . डीएनएसकी +डीएनएसएसईसी' हे रूट झोनचं (डीएनएसच्या मुळाचं) मोठं उत्तर मागवतं. ते अडलं आणि '+बफसाइझ=१२३२' लावल्यावर आलं, तर तुकड्यांचा प्रश्न. '+टीसीपी' लावल्यावर अडलं, तर टीसीपी बंद आहे.

पॅकेट पकडून बघायची तयारी असेल तर वायरशार्क या पॅकेट पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये 'डीएनएस' हा फिल्टर लावा आणि एकाच ट्रान्झॅक्शन आयडीची (प्रश्नाच्या क्रमांकाची) दोन उत्तरं येतात का ते शोधा. पहिलं खोटं आणि लगेच, दुसरं खरं आणि उशिरा, असं दिसलं तर कुणीतरी मधे उत्तरं घुसवतंय. मशीन पहिलंच उत्तर घेतं. शर्यत कधी खोटं जिंकतं, कधी खरं. तुम्हाला ते 'कधी चालतं, कधी नाही' असं दिसतं.

नेटवर्क तुमच्याच ताब्यात असेल तर

लॉगिनसाठी डीएनएस खोटं बोलवणं थांबवा. डीएचसीपीचा पर्याय ११४ लॉगिन यंत्रणेचा पत्ता थेट उपकरणाला सांगतो. हे २०२० च्या आरएफसी ८९१० या इंटरनेट मानकात आहे. खोटं उत्तर द्यावंच लागत असेल तर टीटीएल शून्य.

लॉगिनआधी मोकळ्या ठेवलेल्या साइटची यादी आयपी पत्त्यांवर बांधू नका. पेमेंट किंवा सोशल लॉगिनच्या साइटचे पत्ते बदलतात, आणि मग निम्म्या लोकांना लॉगिन पेजच अर्धवट दिसतं. यादी नावांवर ठेवा आणि फायरवॉल व पाहुणे दोघांना एकच रिझॉल्व्हर द्या, म्हणजे दोघांना एकच पत्ता दिसेल.

जागेवरच अनबाउंडसारखे दोन रिझॉल्व्हर चालवा, दोन्ही सारख्याच नियमांचे. एकात फिल्टर आणि दुसऱ्यात नाही, अशी जोडी नको. डीएनएसमास्कच ठेवायचा असेल तर 'डीएनएस-फॉरवर्ड-मॅक्स' आणि 'कॅश-साइझ' वाढवा, आणि लॉगमध्ये एकाच वेळच्या प्रश्नांची मर्यादा गाठल्याचा संदेश शोधा. तो अनेक वरच्या सर्व्हरपैकी कुठलाही निवडू शकतो, यादीचा क्रम पाळत नाही, हे लक्षात ठेवून वरचे सर्व्हरही एकाच जातीचे ठेवा. ये-जा जास्त असेल तिथे डीएचसीपीची मुदत तासाभराची पुरे. पाहुण्यांची उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवा आणि पाहुण्यांकडून येणाऱ्या राउटर ॲडव्हर्टाइझमेंट आणि डीएचसीपी उत्तरं स्विचवरच अडवा.

ताब्यात नसेल तर व्यवस्थापकाला 'नेट चालत नाही' असं कळवू नका. त्यावर तो फक्त राउटर बंद-चालू करेल. वेळ, मशीनचा मॅक पत्ता, मिळालेले डीएनएस सर्व्हर, अडलेलं एक नाव, त्याचा स्थिती-संकेत, वीसपैकी किती वेळा अडलं आणि त्याच वेळी गेटवेचं पिंग कसं होतं, इतकं लिहून द्या. एवढ्या माहितीवर लॉगमधली नेमकी ओळ सापडते.